घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत कसं घ्यायचं? (लिव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्र)

तळमजला

नमस्कार मंडळी. मे-जून आला की डिपॉझिट अडकल्याच्या तक्रारी इथे रोज दिसतात. प्रत्येक धाग्यावर तेच सांगावं लागतं, म्हणून सगळं एका जागी मांडते. हे फक्त महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या लिव्ह अँड लायसन्स करारांपुरतं आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

डिपॉझिट बुडतं ते घर सोडल्यानंतर नाही, त्याआधीच्या महिन्यात. किल्ल्या दिल्या, टेम्पो गेला आणि मालक म्हणाला "हिशेब करून पाठवतो", तिथून पुढे तुमच्या हातात फक्त फोन करणं उरतं. म्हणून किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी हातबदल व्हायला हवेत. ते जमायचं तर हिशेब त्या दिवसाच्या आधीच संपलेला असला पाहिजे.

क्रम असा:

घर सोडायच्या पाच-सहा आठवडे आधी करार काढून चार गोष्टी वाचा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) किती महिन्यांचा, डिपॉझिट परत करण्याचं वाक्य नेमकं काय आहे, आणि रंगकामाबद्दल काही लिहिलंय का. "ताबा देतेवेळी परत करील" आणि "ताबा दिल्यानंतर ३० दिवसांत परत करील" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार ऑनलाइन नोंदलेला असेल तर पीडीएफ आपल्याकडे ठेवा. एजंटकडे आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

नोटीस लेखी द्या. "काका, आम्ही पुढच्या महिन्यात सोडतोय" हे फोनवर बोलणं नोटीस नव्हे. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींवर पाठवा आणि "मिळालं" एवढं तरी उत्तर घ्या. मजकूर साधा ठेवा:

"आपल्या फ्लॅटच्या करारातील नोटिशीच्या कलमानुसार मी एक महिन्याची नोटीस देत आहे. फ्लॅटचा ताबा ३० जून रोजी देईन. अनामत रक्कम रु. १,००,००० आपल्याला ज्या व्यवहाराने दिली त्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक सोबत आहे. १५ जूनच्या आसपास एकत्र पाहणी करून वजावटी ठरवू. ताबा देतेवेळी रक्कम खाली दिलेल्या खात्यात जमा करावी."

दोन आठवडे आधी एकत्र पाहणी करा. शेवटच्या दिवशी पाहणी ठेवली तर तिथे सापडलेली प्रत्येक गोष्ट वजावट होते. दोन आठवडे आधी सापडली तर ती दुरुस्ती होते, आणि प्लंबर तुम्ही बोलावता, तुमच्या दरात. खोलीवार फिरा: पंखे, दिवे, गिझर, फ्लशची टाकी, नळ, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, मच्छरदाण्या, चिमणीच्या जाळ्या, एसी. ठरलं ते तिथल्या तिथे मेसेजमध्ये लिहून मालकाला पाठवा.

शेवटच्या दिवशी घर रिकामं झाल्यावर एक सलग व्हिडिओ काढा. मुख्य दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छत, नळ सोडून, दिवे लावून, शेवटी विजेचा आणि गॅसचा मीटर. तुकड्या-तुकड्यांचे दहा व्हिडिओ नकोत, मधलं काय गाळलं असा वाद होतो.

किल्ल्या मोजून, लिहून द्या. मुख्य दाराच्या ३, सेफ्टी डोअरच्या २, टपालपेटीची १, सोसायटीचं कार्ड, पार्किंगचा रिमोट. एक किल्ली कमी निघाली म्हणून पूर्ण लॅच बदलायचे पैसे लावले जातात.

सिंहगड रोड

उत्तम धागा. एक शंका. बहुतेक जण शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत, "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" म्हणतात. सोपं आणि सुरक्षित वाटतं. त्यात अडचण काय?

काळा कोट

अडचण आहे. करारात जवळपास नेहमी लिहिलेलं असतं की अनामत भाड्यापोटी वळती होणार नाही. भाडं थांबवलं की करारभंग तुमचा होतो आणि मालकाला करार रद्द करायचं कारण मिळतं. विलंबाचा दंड लिहिला असेल तर तो वेगळा. भाडं दरमहा ५०,००० च्या वर असेल तर आणखी एक गोष्ट: परत मिळणाऱ्या अनामतीवर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) नसतो, पण तीच रक्कम भाड्यात वळवली की ते भाडंच झालं आणि टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमच्यावर आली.

मालक स्वतःहून लेखी संमती देत असेल तर जरूर करा. "जून महिन्याचे भाडे अनामतीतून वळते, उरलेली रक्कम अमुक" एवढा ईमेल पुरतो. ज्या मालकाची पैसे परत करायची ऐपत संशयास्पद आहे त्याच्याशी हा तह दोघांच्याही सोयीचा असतो. एकतर्फी मात्र नको.

मालकबाजू

मालकांच्या बाजूनेही लिहितो. ताबा घेतल्यावर विजेचं, गॅसचं बिल आणि सोसायटीचं काही येणं असेल तर ते मालकाच्याच गळ्यात पडतं. मीटर त्याच्या नावावर असतो. दोन-तीन हजार मागे ठेवणं रास्त आहे. मात्र दोन हजारांच्या बिलासाठी लाखभर अडकवून ठेवणं मुळीच रास्त नाही, आणि हे मालक म्हणूनच म्हणतोय.

तळमजला

बरोबर आहे दादा, आणि तेवढंही अडकवायची गरज पडत नाही. ताबा द्यायच्या दिवशी मीटरचा फोटो घ्या आणि हिशेब तिथेच करा.

समजा महावितरणच्या शेवटच्या बिलावर चालू रीडिंग ११३९० आहे आणि आज मीटरवर ११४८२ दिसतंय. म्हणजे ९२ युनिट. शेवटचं बिल १८४ युनिटचं होतं आणि थकबाकी सोडून चालू देयक १,९३२ रुपये. १,९३२ भागिले १८४ म्हणजे युनिटला साडेदहा रुपये, त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं आलं. ९२ गुणिले १०.५ म्हणजे ९६६ रुपये. यात फार तर थोडे इकडे-तिकडे होतात. शेवटच्या महिन्यात एसी जास्त चालला आणि वापर ३०० युनिटच्या पुढे गेला तर वरच्या टप्प्याचा दर लागतो, तेव्हा हा सरासरीचा हिशेब मालकाला कमी पडेल. तशा वेळी टप्प्यांनुसार करा.

दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, बिल खरं रीडिंग घेऊन आलेलं नसून सरासरीचं असतं. बिलावर मीटरची स्थिती "लॉक्ड" किंवा "इनअ‍ॅक्सेसिबल" दिसली तर सावध व्हा, कारण पुढच्या बिलात साठलेले सगळे युनिट एकदम येतात. मोबाइल अ‍ॅपवरून रीडिंग आधी पाठवून बिल दुरुस्त करून घ्या.

दुसरी, महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ते वीजवापराचं बिल नाही. ती ठेव मालकाच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याजही त्यालाच मिळतं. भाडेकरू नेहमीच्या सवयीने भरून टाकतात. तुम्ही भरली असेल तर पावती काढा आणि डिपॉझिटच्या हिशेबात ती रक्कम अधिक म्हणून मांडा.

पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून तिथला फोटो अधिकच महत्त्वाचा. मीटरवरचे काळ्या पार्श्वभूमीचे आकडे म्हणजे घनमीटर, लाल चौकटीतले दशांश. लाल आकडे धरून वाचलं तर वापर हजारपट दिसतो आणि नसतं भांडण होतं.

ठाणेकरीण

रंगाचं काय? आमच्या भागात सरसकट एक महिन्याचं भाडं "पेंटिंग चार्जेस" म्हणून कापतात. अकरा महिने राहा नाहीतर तीन वर्षं, रक्कम तीच. हे कायद्यात बसतं का?

काळा कोट

करारात "सोडतेवेळी रंगकामापोटी एक महिन्याचे शुल्क वजा होईल" असं लिहून तुम्ही सही केली असेल तर वाद घालायला जागा फारच कमी. लिहिलेलं नसेल तर प्रथा म्हणून कापता येत नाही. नेहमीच्या मसुद्यांत "नैसर्गिक झीज वगळता" घर आहे त्या स्थितीत परत द्यायचं असं असतं. रंग फिका पडणं, पलंगाच्या मागे भिंत काळवंडणं, स्विचभोवती हाताचे डाग ही झीज. मुलांनी खडूने रंगवलेली भिंत, चिकटपट्टी ओढून निघालेले पोपडे, टीव्हीच्या ब्रॅकेटची भोकं हे नुकसान. झिजेचे पैसे मालकाने सोसायचे, नुकसानीचे तुम्ही.

ब्रशवाला

रंगाच्या धंद्यात आहे म्हणून आकडे सांगतो. मालकाने "२५ हजार लागतील" म्हटलं की आधी भिंती मोजा. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींचा घेर ४४ फूट. ४४ गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. त्यातून दार २१ आणि खिडकी २० वजा, राहिले ३७७. छत १२०. एकूण ४९७. अशी घरभर मापं घ्या आणि दोन रंगाऱ्यांकडून सामानासकट चौरस फुटाचा दर मागवा. दर विचारताना काम स्पष्ट सांगा: नुसते रंगाचे दोन हात (थर) की लांबी (भिंत सपाट करणारा पुट्टीचा थर), प्रायमर आणि मग दोन हात. जुन्या बऱ्या भिंतीला नुसते दोन हात पुरतात. पूर्ण लांबीचा दर लावून आलेला अंदाज मान्य करू नका. भिंत आधीच खराब होती तर ती लांबी मालकाच्या घराची सुधारणा आहे.

खिळ्यांची भोकं स्वतः बुजवायची असतील तर वॉलपुट्टी भरा, पूर्ण सुकू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा, वर प्रायमरचा हात द्या, मग रंग. बहुतेक लोक प्रायमर गाळतात. पुट्टी रंग शोषते आणि तेवढाच गोल ठिपका वेगळा दिसतो, जो पाहणीत सगळ्यात आधी नजरेत भरतो. तसंच, मालकाकडून शेड नंबर मिळाला तरी चार वर्षं जुन्या भिंतीशी नवा डबा जुळत नाही. ठिपके रंगवू नका, ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा. दोन भिंतींतला फरक कोपऱ्यात खपून जातो.

ओल असेल तर हात लावू नका. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून आलेली ओल रंगाने झाकली की पंधरा दिवसांत फुगते आणि मग ती तुमच्यामुळे आली असं होतं. ओल दिसली त्या दिवशीच फोटो मालकाला आणि सोसायटीला पाठवलेला असावा.

सिंहगड रोड

आणि भाव करायचाच झाला तर किती द्यावं?

ब्रशवाला

आतल्या रंगाचं आयुष्य पाच वर्षं, म्हणजे ६० महिने धरा. खर्चाचा अंदाज १८,६०० आला आणि तुम्ही २० महिने राहिलात तर तुमचा वाटा एक तृतीयांश, ६,२००. हा कायदा नाही, पण मालकापुढे मांडायला सरळ हिशेब आहे आणि बहुतेक जण ऐकतात. तुम्ही यायच्या आधी घर रंगवलं नव्हतं तर तोही मुद्दा काढा. जुन्या रंगाचं आयुष्य आधीच संपलेलं असतं.

तळमजला

हे आकडे वापरून हिशेबाचा कागद कसा दिसतो ते देते. मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या, दोन प्रती:

अनामत: १,००,०००
वजा वीज, ९२ युनिट: ९६६
वजा गॅस: ३१०
वजा रंगकामाचा ठरलेला वाटा: ६,२००
देय: ९२,५२४
रक्कम जमा झाल्याचा यूटीआर क्रमांक: ______
ताबा व किल्ल्या मिळाल्या (संख्या): ______
"यानंतर उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे नाही."

शेवटची ओळ पैसे खात्यात आल्यावरच. आधी सही करून दिलेली "काही येणे नाही" ही ओळ पुढे तुमच्याच विरुद्ध वापरली जाते.

दस्तनोंदणी

पैसे पाठवण्याबद्दल एक अगदी साधी गोष्ट, जिच्यावर कित्येकांचा शेवटचा दिवस अडतो. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला दिवसाला सर्वसाधारणपणे १ लाखच जातात, आणि मालकाने सकाळपासून इतर खर्च केलेला असतो. नेटबँकिंगमध्ये खातं नव्याने जोडलं तर पुष्कळ बँका पहिल्या २४ तासांत मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. मग टेम्पो खाली उभा आणि मालक खरोखरच पैसे पाठवू शकत नाही, अशी अवस्था होते. चार दिवस आधी खातं क्रमांक आणि आयएफएससी पाठवा, मालकाला खातं जोडायला लावा आणि १ रुपया पाठवून खात्री करा. एनईएफटी चोवीस तास, रविवारीही चालतं.

रोखीने देतो म्हणाले तर नको म्हणा. २०,००० किंवा त्याहून मोठी अनामत रोख घेणं आणि रोख परत करणं, दोन्ही प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

करार करतानाची एक गोष्टही इथे सांगतो, कारण त्याची फळं सोडताना भोगावी लागतात. "डिपॉझिट करारात कमी दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असं सांगणारे आहेत. परताव्याच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. १ लाखाचं व्याज १०,०००, त्याचा पाव टक्का २५ रुपये. पंचवीस रुपयांसाठी लाखाचा पुरावा घालवायचा!

नूतनीकरणातही हाच घोळ होतो. अकरा महिन्यांनी नवा करार होतो आणि त्यात "आज रोजी अनामत मिळाली" असा जुन्या मसुद्यातला मजकूर तसाच राहतो. पुढे मालक म्हणतो त्या तारखेला माझ्या खात्यात काही आलंच नाही. नव्या करारात लिहा: "पूर्वीच्या करारानुसार अमुक तारखेला अमुक व्यवहाराने दिलेली अनामत याच कराराखाली पुढे चालू."

ठाणेकरीण

मालक म्हणाला "नवा भाडेकरू आला की त्याचं डिपॉझिट तुम्हाला देतो", तर किल्ल्या धरून बसावं का?

काळा कोट

हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, नीट वाचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे परवान्याची (म्हणजे लायसन्स कराराची) मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदत संपल्यापासून दुप्पट शुल्क (म्हणजे दुप्पट भाडं) नुकसानभरपाई म्हणून लागू होतं. भाडं २५,००० असेल तर महिन्याला ५०,०००. म्हणजे १ लाखाच्या डिपॉझिटसाठी दोन महिने किल्ल्या धरल्या तर हिशेब बरोबरीत आला. मुदत संपेपर्यंत किल्ल्या तुमच्याकडे असणं तुमचा हक्क आहे. मुदत उलटल्यावर त्या धरून बसणं जोखमीचं आहे.

त्यावर दोन उपाय. करार करतानाच हे वाक्य घाला: "अनामत परत न केल्यास ती मिळेपर्यंत परवानाधारकास कोणतेही शुल्क न देता ताबा ठेवण्याचा हक्क राहील आणि रकमेवर ठरलेल्या दराने व्याज देय राहील." कंपन्यांच्या भाडेकरारांत ते सर्रास असतं, घरांच्या करारात घालायलाही काही आडकाठी नाही.

वाक्य नसेल तर मुदत संपायच्या चार-पाच दिवस आधी ताबा देऊ करा, लेखी: "२६ तारखेला सकाळी ११ वाजता ताबा देण्यास तयार आहे, रक्कम घेऊन यावे." मालक आला नाही किंवा पैसे दिले नाहीत तर त्याच दिवशी तसं लिहून पाठवा. म्हणजे उशीर कोणामुळे झाला ते कागदावर राहतं. मुदतीच्या दिवशी मात्र व्हिडिओ काढून, किल्ल्या पोचवून, पोच घेऊन मोकळे व्हा. किल्ल्या घ्यायलाही तो तयार नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि वितरणाची नोंद जपा.

त्या दिवशी पुढच्या तारखेचा चेक मिळत असेल तर घ्या, नुसत्या शब्दापेक्षा तो कितीतरी बरा. चेक तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरायचा. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली तक्रार. यातली एक तारीख चुकली की हा रस्ता अडतो. "थांबा, पुन्हा भरा" असं मालक दोन-तीनदा म्हणतो तेव्हा याच मुदती निघून जातात.

मालकबाजू

लॉक-इन मोडून जाणाऱ्यांचंही लिहा. सहा महिन्यांचा लॉक-इन, चौथ्या महिन्यात सोडलं, आणि पूर्ण डिपॉझिट परत हवं असतं.

काळा कोट

लॉक-इन मोडला तर मालकाचं नुकसान भरून द्यावं लागतं, त्यात शंका नाही. पण भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरतात, मिळते ती वाजवी भरपाई. पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला तर उरलेले दोन्ही महिने कापणं टिकायला कठीण. नवा भाडेकरू तुम्हीच आणून दिलात तर तुमची बाजू आणखी भक्कम होते.

डोंबिवलीकर

हेवी डिपॉझिटवर कोणी लिहील का? भाडं शून्य, डिपॉझिट ८-१० लाख.

दस्तनोंदणी

तिथे परिस्थिती वेगळी. मालकाने ती रक्कम घेतली तीच बहुधा कर्ज फेडायला किंवा धंद्यात घालायला. परत करायला त्याला पुढचा हेवी डिपॉझिटवाला लागतो, म्हणून नोटीस एक महिन्याऐवजी तीन महिन्यांची करारात घ्या. घेण्याआधी घरावर बोजा आहे का ते पाहा. सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढा, आणि सेरसाईच्या (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून गहाणाची नोंद कोणालाही शोधता येते. घर गहाण असेल आणि हप्ते थकले तर बँक सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जवसुलीचा कायदा) ताबा घेते. बँकेपुढे तुमच्या लायसन्सचं काही चालत नाही, डिपॉझिट फक्त मालकाकडून मागायचं उरतं. एवढी रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय कधीच देऊ नका.

काळा कोट

याच्याच जोडीला: राहत असताना मालकाने घर विकलं तर? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे नवा मालक जुन्या परवान्याला केवळ मालक झाला म्हणून बांधील नसतो. म्हणून "आता नव्या मालकाकडून घ्या" यावर विसंबू नका. ज्याने डिपॉझिट घेतलं त्याच्याकडून परत घ्या आणि नव्याशी नवा करार करा, किंवा तिघांच्या सह्यांचं पत्र करा, त्यात अनामत नव्याकडे वर्ग झाली असं स्पष्ट हवं. मालक वारला असेल तर देणं त्याच्या मालमत्तेवर राहतं, वारसांना लिहायचं.

सिंहगड रोड

समजा सगळं करूनही पैसे नाही दिले. पोलिसांत जावं का?

काळा कोट

पोलिस दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतील. फसवणुकीचा हेतू सुरुवातीपासून होता असं दिसत असेल, उदाहरणार्थ एकच घर दोघा-तिघांना देऊन डिपॉझिट घेतलं, तरच गुन्हा होतो.

पहिली पायरी मागणीची नोटीस. वकिलामार्फत द्या किंवा स्वतः द्या, स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्हींवर. त्यात कराराचा दस्त क्रमांक, अनामत दिल्याचा व्यवहार, ताबा दिल्याची तारीख, मान्य वजावटी, देय रक्कम आणि १५ दिवसांची मुदत. "मुदतीत न दिल्यास व्याजाची मागणी करू" हे वाक्य विसरू नका. करारात व्याज लिहिलेलं नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ खाली अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येतं. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण मालकाला कळतं की समोरच्याकडे कागद आहेत.

दुसरी पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं. साध्या अर्जावर दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीत घेतात, कोर्ट फी नाही. समोरचा आला आणि तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. तो आलाच नाही तर मात्र लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी इथे मोफत वकील मिळतो.

तिसरी पायरी वसुलीचा दावा. पैसे देय झाल्यापासून ३ वर्षांची मुदत. करार लेखी आणि रक्कम ठरलेली असल्याने संक्षिप्त दाव्याचा (लांबलचक सुनावणीशिवाय लवकर निकाल लागू शकतो तो) मार्गही तपासून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून फोन विकू नका, चॅट पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. ग्राहक आयोगाकडे साधा घरमालक-भाडेकरू वाद सहसा टिकत नाही. जेवण, साफसफाई देणारं पीजी असेल तर ती सेवा धरून जाता येतं.

ठाणेकरीण

केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात डिपॉझिट दोनच महिन्यांचं आहे ना? तो दाखवून मागता येईल का?

काळा कोट

२०२१ चा तो कायदा राज्यांसाठी नमुना आहे. राहत्या घराला दोन महिने आणि ताबा घेतेवेळी परतफेड, हे त्यात आहे खरं. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो तुमच्या कराराला लागू होत नाही. नोटिशीत त्याचा आधार घेतलात तर समोरचा वकील तेवढंच पकडून बसेल. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ जास्त कामाचं: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बिनकराराचं राहत असाल तरी डिपॉझिट गेलंच असं समजू नका. बँकेतली नोंद आणि दरमहा भाडं दिल्याचा पुरावा बांधून ठेवा.

डोंबिवलीकर

सोसायटीचं एक राहिलं. सामान बाहेर काढायला सोसायटी मालकाचं ना हरकत पत्र मागते आणि ते मालक शेवटच्या क्षणी अडवतो. मग माणूस हतबल होऊन मिळेल त्या रकमेवर सही करतो.

तळमजला

ते पत्र पाहणीच्या दिवशीच मागा, ताबा द्यायच्या दिवशी नाही. मालकाने सेक्रेटरीला ईमेल करायचा आणि तुम्हाला प्रत ठेवायची, मजकूर एवढाच: "फ्लॅट क्रमांक अमुकचे परवानाधारक अमुक तारखेला सामान हलवणार आहेत, माझी हरकत नाही." तोवर संबंध गोड असतात आणि कोणी अडवत नाही. मोठं सामान जमलं तर दोन दिवस आधी हलवा आणि ताब्याच्या दिवशी घरात झाडू, बादली आणि किल्ल्या एवढंच ठेवा. टेम्पोचं भाडं तासावर चढत असताना केलेली बोलणी नेहमी तुमच्या तोट्याची होतात.

सोसायटीचं बिगर-भोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावलेलं) वजावटीत घुसडलेलं दिसतं. ते सोसायटी मालकाला लावते, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. करारात तुमच्या अंगावर घातलेलं नसेल तर ते मालकाचं.

दस्तनोंदणी

मालक परगावी किंवा परदेशी असेल आणि किल्ल्या "माझ्या भाच्याकडे द्या" म्हणत असेल तर आधी ईमेल घ्या: अमुक व्यक्तीला ताबा घेण्याचा आणि पाहणी करून वजावटी मान्य करण्याचा अधिकार दिला आहे. नुसता ताबा घेण्याचा अधिकार पुरत नाही. भाचा सगळं ठीक म्हणतो आणि आठवड्याने मालकाकडून वेगळीच यादी येते. एजंटकडे किल्ल्या देत असाल तरीही हेच, आणि एजंटच्या खात्यातून परतावा येणार असेल तर मालकाचा तसा मेसेज असू द्या.